एकेचाळीस नंबर हाजिर आहे

बेकार माणूस उशिरा उठतो असं ज्यांना वाटतं, ते सगळे नोकरदार असतात. मी चार वर्षं बेकार होतो आणि त्या चार वर्षांत ठरलेल्या दिवसांपैकी सकाळी साडेनऊला राजधानी रबातमध्ये संसदेसमोर पोचलो नाही असे दिवस फक्त अकरा. ते अकराही मला तोंडपाठ होते, कारण हजेरी घेणाऱ्या झुबैदाच्या वहीत ते लाल शाईने लिहिलेले होते.

आमच्या गटाचं नाव 'सब्र', म्हणजे सबुरी. एकशे वीस जण, सगळे एम.ए., एम.एस्सी., दोघे तर डॉक्टरेट. अंगात नारिंगी बंडी, पाठीवर गटाचं नाव. सोमवार ते गुरुवार संसदेसमोर उभं राहायचं, घोषणा द्यायच्या, पोलीस धावून आले की खजुरीच्या झाडांमधून पळायचं, ते गेले की परत येऊन उभं राहायचं. सरकारला लाज वाटली किंवा निवडणूक जवळ आली, की सरकार गटाकडून यादी मागायचं आणि वरची तीस-चाळीस माणसं उचलून कुठल्यातरी खात्यात चिकटवायचं. यादीत वर कोण? ज्याची हजेरी जास्त तो. हुशारी, गुण, प्रबंध हे सगळं विद्यापीठाने आधीच मोजून वाया घालवलं होतं. पोलिसाचा दंडुका बसला आणि डॉक्टरची चिठ्ठी आणली तर तीन हजेऱ्या जास्त मिळत. मला एकदा बसला तो पोटरीवर, पण दवाखान्यातल्या रांगेत माझा नंबर येईपर्यंत वळ उतरला. हजेऱ्या गेल्या.

मी यादीत एकेचाळिसावा होतो. आणि त्या वसंतात खात्रीची बातमी होती, चाळीस जागा निघणार.

नोकरी शोधताना उमेद कशी टिकवावी यावर भाषण द्यायला एकदा एक साहेब आमच्याकडे आले होते. गाडीतून उतरले, आरशासमोर उभं राहून रोज हसा म्हणाले, परत गाडीत बसले. उमेद कशाने टिकते ते मला विचारा. वरच्या चाळिसातल्या कुणाला तरी ताप यावा, त्याची एक हजेरी बुडावी, या आशेवर मी रोज सकाळी उठत होतो. माझ्या पुढचा चाळीस नंबर भूगोलवाला हम्माद होता. त्याची तब्येत घोड्यासारखी.

असं चाललेलं असताना शेजारच्या तेमाऱ्याच्या एका दह्याच्या कारखान्यातून फोन आला. दीड वर्षापूर्वी केलेला अर्ज कुणाला तरी कपाटात सापडला असावा. प्रयोगशाळेत माणूस हवा होता, मंगळवारी दहा वाजता या म्हणाले. मी रसायनशास्त्राचा एम.एस्सी., पण मंगळवार हजेरीचा. मग झुबैदाकडे गेलो.

झुबैदा संख्याशास्त्राची. हजेरीची वही तीच ठेवायची. वहीची मालकीण असून तिने स्वतःला पहिला नंबर दिला नव्हता, लोक बोलले असते म्हणून. तिचा नंबर तीन. हजेरी घेताना ती मान वर करत नसे. नंबर पुकारायची, समोरून 'हाजिर' आलं की खूण करायची. चेहऱ्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"मंगळवारी रजा हवी होती," मी म्हणालो.

"कशाला?"

"मुलाखत आहे. तेमाऱ्याला."

"रजेची कारणं तीन. लग्न, मयत, कोठडी. तुझं कशात बसतं?"

"मुलाखतीत."

"ज्याला मुलाखतीचं बोलावणं येतं तो बेकार कसला? नाव काढून टाकू?"

"अगं बाई, मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे."

"मग जातोस कशाला?"

मी म्हणालो, "आणि न विचारता गेलो तर?"

"पाच नंबर खाली. सेहेचाळीस." ती वही मिटत म्हणाली, "मंगळवारी मंत्रालयाचा माणूस डोकी मोजायला येण्याची शक्यता आहे. डोकं घेऊन ये."

तकद्दुम मोहल्ल्यात मी ज्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो तिचा मालक सी बूअज्जा, म्हणजे बूअज्जासाहेब. टपाल खात्यात पस्तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेला. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी रोज सहाला उठायचा, दाढी करायचा, टाय बांधायचा आणि गच्चीवर येऊन बसायचा, कारण पुढे काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तो बाकल्याच्या शेंगा सोलत होता. मी त्याला झुबैदाचं सांगितलं. त्याने शेंगांची परात बाजूला सरकवली.

"रजेचं मग बघू. आधी तुझी तयारी बघू. बस. तुमचे गुण सांगा."

"मी कष्टाळू आहे."

"गाढवही असतं. दोष?"

"कामात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"गटात. सगळे हेच सांगतात."

"म्हणून सगळे फुटपाथवर आहेत. पुढे. शिक्षण संपून चार वर्षं झाली. चार वर्षं काय केलंत?"

संसदेसमोर ओरडत होतो असं सांगणाऱ्याला कुठला मालक कामावर ठेवेल? मी म्हणालो, "काकांच्या शेतावर ऑलिव्हच्या तेलाचं काम बघत होतो."

"काका आहे?"

"नाही."

"शेत?"

"नाही."

"ऑलिव्ह?"

"खाली दुकानात मिळतात."

"चला, तीनातलं एक तरी खरं आहे," तो म्हणाला आणि परत शेंगांकडे वळला. तीन दिवस त्याने माझा पिच्छा पुरवला. जिन्यात गाठून विचारायचा, न्हाणीघराच्या दारातून विचारायचा. दह्याची आम्लता कशी मोजतात ते मी जुन्या वह्या काढून परत पाठ केलं आणि त्यालाही समजावलं. त्याला दही आवडत नव्हतं, पण ऐकलं सगळं.

सोमवारी तो म्हणाला, "उद्या तुझी बंडी मला दे."

"सी बूअज्जा, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात."

"मी तरुण आहे असं कोण सांगतंय? नंबर आला की हाजिर म्हणायचं, एवढंच ना? ती बाई मान वर करत नाही म्हणतोस."

"पोलीस आले तर?"

"पोरा, सात वर्षांत सकाळी कुणी माझी हजेरी घेतलेली नाही. दे ती बंडी."

मंगळवारी तो शर्ट, टाय आणि वरून नारिंगी बंडी असा निघाला. मी इस्त्री केलेल्या कपड्यांत तेमाऱ्याच्या टॅक्सीत बसलो. जुनी मर्सिडीज, सहा उतारू. इस्त्री पहिल्याच वळणावर गेली.

कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत झुबैदा बसली होती. नवा रुमाल डोक्याला, ओठांना रंग, मांडीवर फाइल. मला पाहून तिने पहिल्यांदा मान वर केली.

"तू आत्ता कुठे आहेस?" तिने विचारलं.

"संसदेसमोर. बंडी घालून. तू?"

"तुझ्यासमोरच. हजेरी घेतेय."

"कोण घेतंय?"

"यामना मावशी. बाजारात मासे विकते, आवाजाला भारी आहे. पोरांना सांगितलंय की मी निवेदन द्यायला गेलेय, तोवर वही मावशीकडे. आणि परक्या कुणी विचारलं तर झुबैदा इथेच आहे असं सांग, असं मावशीला बजावलंय."

"म्हणजे तुझी गैरहजेरी नाही."

"दौरा आहे."

"मुलाखतीचं बोलावणं येतं तो बेकार कसला, असं मला कोण म्हणालं होतं?"

"तुला म्हणाले होते. मला नाही."

मला राग यायला हवा होता, आलाही, पण त्याच्या आधी हिशेब आला. हिला ही नोकरी लागली तर यादीतला तीन नंबर रिकामा होईल आणि मी सरकून चाळिसाव्या जागी जाईन. मला लागली तर यादीच नको. एका खुर्चीत बसून दोन दुवा मागत होतो: मला लागू दे, नाही तर हिला लागू दे. फक्त तिसऱ्या कुणाला नको. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू मनात काय मोजतोयस ते मला कळतंय. मी संख्याशास्त्र शिकलेय."

कारखान्याच्या बाई, मादाम लहलू, पांढरा कोट आणि रबरी बूट घालून आल्या. पन्नाशीच्या असतील. "दोघेही एकदमच या. दुधाची गाडी यायची आहे, मला दोन-दोनदा तेच विचारायला वेळ नाही."

आत टेबलावर एक फोन, चार दह्याचे डबे आणि कागदांचा ढीग. त्यांनी थेट मला विचारलं, "एम.एस्सी. होऊन चार वर्षं. काय करत होतात?"

"काकांच्या शेतावर, मादाम. ऑलिव्हचं तेल."

"कुठल्या जातीचे ऑलिव्ह?"

"हिरवे."

"सगळेच आधी हिरवे असतात. मग काळे होतात." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं नसावं.

तेवढ्यात झुबैदा बोलली. "खोटं सांगतोय तो. काका नाही, शेत नाही. चार वर्षं तो माझ्या गटात आहे, संसदेसमोर. आठवड्यात चार दिवस, साडेनऊला. चार वर्षांत अकरा गैरहजेऱ्या, त्यातल्या दोन कोठडीतल्या. ऊन असो, दंडुके असोत, अकरा. माझी एकही नाही. शेताचं ऐकायचंय का तुम्हाला अजून?"

मला तिचा गळा धरावासा वाटला. पण मादाम लहलूंनी लेखणी खाली ठेवली होती.

"वेळेवर येता? दोघेही?"

"वही आहे," झुबैदा म्हणाली. "रोजची."

"माझ्याकडे सोमवारी निम्मे लोक येत नाहीत. ईदची रजा तीन दिवसांची, आणि ती तीन आठवडे चालते." त्यांनी टेबलावरचा फोन पुढे ओढला. "वही कुणाकडे आहे? नंबर सांगा. मी असं ऐकून विश्वास ठेवत नाही."

झुबैदाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फोन उचलणार होती यामना मावशी. पण नंबर न सांगणं त्याहून वाईट दिसलं असतं. तिने सांगितला. मादामनी फोनचा स्पीकर चालू केला. खोलीभर घोषणा ऐकू यायला लागल्या, आणि मग एक आवाज, जो पन्नास हातांवरून बांगडे विकू शकला असता.

"कोण?"

"झुबैदा आहेत का तिथे?"

"आहे की. ही काय समोर. हजेरी घेतेय, बोलायला फुरसत नाही तिला."

माझ्या शेजारी झुबैदा स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

"बरं," माझ्या अर्जावरचं नाव बघत मादाम शांतपणे म्हणाल्या. "मिलूद नावाचा कुणी आहे?"

"नंबर सांगा, नावं मला माहीत नाहीत."

"एकेचाळीस," मी पुटपुटलो. मादामनी माझ्याकडे न बघता तो नंबर फोनमध्ये सांगितला.

"हाजिर आहे तो. ए एकेचाळीस, तुझा फोन."

खोकल्याची एक उबळ आली. ती मी गच्चीवर रोज ऐकायचो. "मिलूद बोलतोय," सी बूअज्जा म्हणाला. "रसायनशास्त्र, द्वितीय श्रेणी."

"प्रथम," मी म्हणालो. माझ्याच्याने राहवलं नाही.

मादाम लहलूंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्या फोनकडे वाकल्या. "मिलूदसाहेब, मी दह्याच्या कारखान्यातून बोलतेय. आम्हाला माणूस हवाय. गेली चार वर्षं तुम्ही काय केलंत?"

"मादाम, रोज वेळेवर आलो," सी बूअज्जा म्हणाला. "बोलावलं कुणी नव्हतं, तरी आलो. आता ठेवतो, शिट्ट्या वाजतायत."

फोन बंद झाला. मादामनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मला जो माणूस पसंत पडला तो रबातला आहे," त्या म्हणाल्या. "उरलात तुम्ही दोघं. किती दिवस असं चाललंय?"

"आज पहिलाच," झुबैदा म्हणाली.

"माझाही," मी म्हणालो. "बाकीचे सगळे दिवस मीच होतो. ते अकरा सोडून."

"उठा. इथे बोलण्यात काही अर्थ नाही. प्रयोगशाळेत चला."

प्रयोगशाळा म्हणजे एक मोरी, एक खिडकी आणि स्टँडला लावलेली ब्युरेट, थेंबाथेंबाने अल्कली सोडणारी तोटीची काचनळी. टेबलावरचा एक डबा त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि आम्लता काढायला सांगितली. दही मोजलं, पाण्यात मिसळलं, रंगाचे दोन थेंब टाकले. ब्युरेटची तोटी धरली. चार वर्षं या हाताने फलक धरला होता, तोटी नाही. पहिल्या वेळी थेंब जास्त पडले, दही भडक गुलाबी झालं. दुसरा नमुना घेतला. या वेळी तोटी इतकी हळू फिरवली की थेंब पडायच्या आधी टोकाशी लोंबकळायचा. फिकट गुलाबी छटा आली, हलवल्यावर गेली नाही, म्हणजे जमलं. आकडा सांगितला. खरं सांगतो, त्या छटेकडे बघताना माझ्या मनात यादी नव्हती, चाळीस नव्हतं, एकेचाळीस नव्हतं. हे काम मला येतं हे मी विसरून गेलो होतो.

तोवर झुबैदाने खिडकीतली नोंदवही उघडून वाचायला घेतली होती. तिला वही दिसली की राहवत नाही. "मादाम, शेवटचे दोन महिने रोज एकच आकडा आहे. उकाडा, गारठा, सगळं सारखं. हा माणूस मोजत नव्हता, नुसतं लिहीत होता."

"म्हणूनच त्याची जागा रिकामी झाली," मादाम म्हणाल्या. "हे पकडायला मला महिना लागला. तुला तीन मिनिटं." त्यांनी ब्युरेटची तोटी तिच्याकडे वळवली. "कर."

झुबैदाने तोटी पूर्ण उघडली.

फरशी पुसून झाल्यावर मादाम मला म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी सात. तीन महिने बघेन, मग कायम. पगार फार नाही, आणि काका आणू नका." झुबैदाला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात संध्याकाळची पाळी सुरू करतेय. हे यंत्र धरायला शीक आणि ये. डोकं आहे तुला."

टॅक्सीच्या तळावर गाडी भरायला अजून चार उतारू कमी होते. आम्ही दोघं गाडीला टेकून उभे. मी सी बूअज्जाला फोन लावला. तो धडधाकट होता. सगळे पळाले, हा पळाला नाही. टाय बघून पोलिसाने त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. वर विचारलं होतं, "साहेब, या गर्दीत तुम्ही कसे?"

मी फोन ठेवला. झुबैदा म्हणाली, "गुरुवारी सकाळी कुठे असशील?"

हे मला टाळायचं होतं. सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी, मरेपर्यंत कुणी हलवत नाही. दह्याच्या बाईने तीन महिन्यांनी हाकललं तर? मी म्हणालो, "सी बूअज्जा येतील की माझ्या जागी. तू मान वर करत नाहीस, तशी पुढेही नको करूस."

"आणि हम्माद उद्या तापाने पडला तर चाळीस नंबरवर कोण जाईल? दही मोजणारा?"

"तुला काय फरक पडतो?"

"तुझ्यामागे एकोणऐंशी जण आहेत, त्यांना पडतो. आज मी वही खोटी केली, मिलूद. एक दिवस. माझ्या नावापुढे मी गैरहजेरी लिहिणार आहे, लाल. पाच नंबर खाली, आठवर. तुझ्या नावापुढे काय लिहू ते तू सांग."

मला तिचा भयंकर राग आला, कारण ती बरोबर बोलत होती आणि सोयीचं मी बोलत होतो. कारखान्यातला पगार सरकारी शिपायाच्या निम्मा. पण चार वर्षांत माझ्या हातून काही नेमकं झालं असेल तर ते सकाळचं फिकट गुलाबी दही. सरकार मला घेऊन काय करणार होतं? कुठल्यातरी कचेरीत शिक्का देणार होतं.

"काढ नाव," मी म्हणालो.

"तोंडी चालत नाही. लेखी दे."

अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, टॅक्सीच्या बोनेटवर, मी लिहिलं की मी, मिलूद, क्रमांक एकेचाळीस, आजपासून बेकारीचा राजीनामा देत आहे. तिने वाचलं.

"एक महिन्याची नोटीस लागते."

"कुठे लिहिलंय?"

"आत्ता ठरवलं."

"झुबैदा, तू मर."

"तारीख घाल," ती म्हणाली. मी घातली. तिने कागदाची घडी करून फाइलमध्ये ठेवली आणि पहिल्यांदा हसली, तेही अर्धंच.

तेवढ्यात चार उतारू मिळाले, त्यातली एक म्हातारी मांडीवर जिवंत कोंबडी घेऊन. आम्ही दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी एकाच सीटवर. गाडी निघाली तशी झुबैदाने फाइलमधून कोरा कागद काढला, लेखणी उघडली.

"हं. तोटी किती उघडायची?"

"थेंब एकेक मोजता येईल एवढी. शेवटी अर्धा थेंब."

"अर्धा थेंब कसा मोजायचा?"

"मोजायचा नाही. टोकाशी लटकला की काचेला टेकवून उतरवायचा."

"दह्याची आंबट चव जिभेने कळते," मागून म्हातारी म्हणाली. "त्याला काच कशाला?"

"हाज्जा आजी, मला नोकरी लागायची आहे, तुम्ही जरा गप्प बसा," झुबैदा तिला म्हणाली, आणि माझ्या दंडावर लेखणीचं टोक टोचलं. "तू हळू सांग. लिहून घेतेय."